इटलीत कॅम्पर व्हॅन, आम्ही दोघंच, जमेल का?

भटकीजोडी: सप्टेंबरमध्ये मी आणि नवरा १२ दिवस कॅम्पर (आत झोपायची सोय असलेली गाडी) घेऊन फिरायचं म्हणतोय, फ्लॉरेन्स, सिएना, मग खाली अमाल्फी. एवढी मोठी गाडी दोघांनीही कधी चालवलेली नाही. लायसन्सचं काय, आणि रात्री लावायची कुठे?

डोंगरवाट: आपल्या लायसन्ससोबत इंटरनॅशनल परमिट लागतं, निघायच्या आधीच आरटीओतून काढा. गाडी साडेतीन टनांच्या आतलीच घ्या. आणि ताई, झेडटीएलची (म्हणजे ठरावीक गाड्यांनाच परवानगी असलेल्या भागाची) पाटी दिसली की आत घुसू नका, जुन्या शहरात परवानगीशिवाय गेलं की कॅमेरा नंबर टिपतो, आम्हाला दंड घरी आल्यावर कळला, तोही दोनदा :( गाडी बाहेर ठेवून बसने जा.

पुणेरी_चाक: अमाल्फीचा किनारी रस्ता विसरा, अरुंद आहे आणि कॅम्परला दिवसा बंदी असते. सालेर्नोला गाडी लावून बोटीने जा, मजा तीच. चिंक्वे तेर्रेला (समुद्रकाठची ती पाच गावं) जाणार असाल तर ला स्पेझियाहून ट्रेन.

डोंगरवाट: हो आणि रात्रीसाठी 'आरेआ दी सोस्ता', म्हणजे कॅम्पर लावायची जागा, शोधा, पाणी भरता येतं, टॉयलेटची टाकी बऱ्याच ठिकाणी तिथेच रिकामी होते. ते काम कोण करणार हे मात्र इथूनच ठरवून निघा, आमचं तिथेच भांडण झालं!

भटकीजोडी: नवऱ्याला वाचून दाखवलं, तो गप्प आहे 😄