शब्दचर्चा : रेस, शर्यत आणि तबेल्यातली भाषा

प्रश्न

विसाव्या शतकाच्या पहिल्या तीन दशकांतील पुण्याचा कँप आणि मुंबईचा भायखळा-महालक्ष्मी परिसर, तेथील घोड्यांच्या रेस आणि त्यांवर पोट असलेले व्यवसाय यांविषयीचे एक इंग्रजी प्रकरण मी मराठीत आणत आहे. पहिल्या खर्ड्यात मी सर्वत्र ‘घोड्यांची शर्यत’ असे लिहिले, जॉकीला ‘चाबूकस्वार’ केले आणि घोड्यांची उंची ‘हात’ या मापातच ठेवली. परंतु वाचताना मजकूर कुठेतरी खोटा वाटतो. त्या काळी मराठी माणसे या गोष्टींना काय म्हणत असतील, आणि आज लिहिताना त्यांपैकी कोणते शब्द ठेवावेत, याविषयी जाणकारांनी सांगावे.

प्रतिसाद

आपल्याला मजकूर खोटा वाटतो याचे मुख्य कारण ‘शर्यत’ हा शब्द असावा. शब्द चांगलाच आहे, पण तो रेसकोर्सवरचा नाही. बैलगाड्यांची शर्यत असते, होड्यांची असते, ससा आणि कासव यांची तर असतेच; परंतु एखाद्याने घरदार घालवले ते ‘रेसच्या नादाने’, शर्यतीच्या नादाने नव्हे. मराठीत रेस ‘खेळली’ जाते, आणि ती खेळणारा माणूस घोड्यावर बसलेला नसून कठड्यापाशी हातात तिकीट घेऊन उभा असतो. पत्ते आणि जुगार यांना लागणारे क्रियापद भाषेने येथे आणून बसवले आणि पाहणाऱ्यालाच खेळाडू केले. ‘घोडा लागला’ हा प्रयोगही तसाच आहे. तेथे लागतो तो पैसा, घोडा बिचारा नुसता पहिला आलेला असतो.

यातील गंमत अशी की मुळात शर्यत या शब्दाचाच अर्थ पैज असा होता. अरबीतील ‘शर्त’ म्हणजे अट. फारसीमार्गे तो मराठीत आला आणि मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशानेही त्याला पैज असा अर्थ दिला आहे. पैज हा शब्द त्याहून कितीतरी जुना. संस्कृत ‘प्रतिज्ञा’ प्राकृतातून झिजत ‘पैज’ झाली, आणि ‘परि अमृतातेंही पैजा जिंके’ म्हणणाऱ्या ज्ञानेश्वरांच्या काळी तो शब्द चांगला रुळलेला होता. म्हणजे पैशांच्या व्यवहाराला दोन घरचे शब्द असतानाही मराठीने इंग्रजी ‘रेस’ उचलला. माझ्या मते त्याचे कारण भाषेच्या दारिद्र्यात नसून व्यवहाराच्या नवेपणात आहे. गावच्या शर्यतीत पैज मारणारे दोघे एकमेकांना ओळखतात. रेसकोर्सवर मात्र छापील यादी, बुकीने (पैजा घेणाऱ्याने) दर घोड्यामागे लावलेला भाव, फाटकावरचे तिकीट आणि पुढे टोटचे (लावलेल्या पैशांचा हिशेब करणारे) यंत्र असा सगळा कारखाना उभा होता, आणि 1912 च्या मुंबई इलाख्याच्या कायद्याने त्या कारखान्याला सरकारी परवानाही लागू लागला. त्या आवारातली पैज कायद्याची आणि आवाराबाहेरची तीच पैज जुगाराची, अशी व्यवस्था ज्या गोष्टीला आहे, तिला गावच्या शर्यतीचे नाव चिकटणे अवघडच होते.

म्हणून आवाराच्या आतले शब्द इंग्रजीच ठेवावेत, असे मी सुचवीन: रेस, रेसकोर्स, बुकी, टोट, टिप, जॉकी, टर्फ क्लब. यांतील ‘बुकी’ तर आता क्रिकेटच्या बातम्यांत इतका मुरला आहे की तो घोड्यांमागून आला हे कोणाच्या ध्यानातही राहिलेले नाही. ‘हँडिकॅप’ मात्र जपून वापरावा. चांगल्या घोड्यावर अधिक वजन चढवून सर्वांना बरोबरीत आणण्याची ती रीत आहे; नुसता शब्द ठेवला तर आजचा वाचक अपंगत्वाकडे वळेल, म्हणून पहिल्या वेळी ‘वजन चढवून बरोबरी साधलेली रेस’ असे उलगडून लिहावे.

तबेल्यात शिरले की भाषा एकदम पालटते. तेथे शब्द पेशवाईतून चालत आलेले आहेत आणि साहेबाच्या घोड्यालाही तेच लागतात. पहाटे मोतद्दार, म्हणजे घोड्याची निगा राखणारा नोकर, अगाडी-पिछाडीचे (पुढच्या-मागच्या पायांचे) दोर सोडतो, खरारा करतो (अंग घासतो), भिजवलेल्या हरभऱ्याची चंदी (खुराक) तोबऱ्यात घालून तो तोबरा घोड्याच्या तोंडाला बांधतो. या वाक्यात एकही इंग्रजी शब्द आणण्याची गरज पडत नाही. ‘तोंडाला तोबरा’, ‘खोगीरभरती’, ‘भीमथडीच्या तट्टांना यमुनेचे पाणी पाजणे’ हे प्रयोग आपण रोज करतो ते याच पुंजीतून. घोडदळ गेले तरी पागा सांभाळणाऱ्यांचे हात आणि शब्द शिल्लक राहिले, आणि त्यांना कँपात, गाडीवाल्यांकडे आणि रेसच्या तबेल्यांत काम मिळाले. ‘पागा’ (मूळ फारसी ‘पायगाह’) हा शब्द मात्र सरदाराच्या घोडदळाचा आहे. रेसच्या घोड्यांना ‘तबेला’च म्हणावे. आजच्या मुंबईकराला त्यातून म्हशी दिसतील, पण त्याला इलाज नाही.

चाबूकस्वार म्हणजे जॉकी नव्हे. मराठीत चाबूकस्वार हा अडाणी घोड्याला चाल शिकवणारा, त्याला फिरवून तयार करणारा माणूस. फारसीत ‘चाबुक’ म्हणजे चपळ, आणि तेथे आज चाबूकस्वार या शब्दाचा अर्थ जॉकी असा होतो खरा. पण आपण मराठीत लिहीत आहोत. आपल्याकडचा चाबूकस्वार रेसच्या ट्रेनरला अधिक जवळचा आहे.

प्रश्नकर्त्याची आणखी शंका

व्यवसायांच्या नावांविषयीही आपण सांगावे. मूळ मजकुरात मुंबईच्या घोडेवाल्यांसाठी एक शब्द आणि कलकत्त्याच्या माणसांसाठी दुसरा शब्द आहे; ही लेखकाची चूक समजून मी दोन्हीकडे ‘सईस’ (घोडा सांभाळणारा) केले आहे.

प्रतिसाद

ते बदलू नका. ‘हॉब्सन-जॉब्सन’ या अँग्लो-इंडियन शब्दकोशात हा भेद स्पष्ट नोंदला आहे: मुंबईकडचे साहेब ‘घोडावाला’ म्हणत, बंगालकडचे ‘सईस’. म्हणजे साहेबाच्या तोंडचा शब्दसुद्धा इलाखा सांगतो. मराठीत ‘घोडेवाला’ ठेवावा, आणि मराठी माणूस बोलत असेल तेथे ‘मोतद्दार’. त्याच कोशाने ‘जिमखाना’ हा शब्द मुंबई इलाख्यात घडवला गेला असावा आणि त्यामागे ‘गेंदखाना’ असावा असे म्हटले आहे. इंग्रजी मजकुरात ‘जिमखाना रेस’ आली तर ती छोट्या, हौशी रेसची आहे, हे वाचकाला सांगावे लागेल. मराठीत जिमखाना म्हटले की कॉलेजचे कॅरम आठवतात.

घोडे विकणाऱ्याला ‘सौदागर’ म्हणावे, ‘व्यापारी’ नको. भेंडीबाजार-भायखळ्याच्या बाजूस अरब सौदागरांचे तबेले होते. बसरा आणि इराणी आखाताकडून घोडे जहाजाने मुंबईस उतरत, आणि रेसमध्ये अरबी घोड्यांचे वर्ग निराळे धरले जात. ऑस्ट्रेलियाहून येणारा तो ‘वेलर’. न्यू साउथ वेल्समधील ‘वेल्स’वरून पडलेले हे नाव जुन्या मराठीत सरसकट चाले, तेव्हा तेही तसेच ठेवावे. ‘घोडेबाजार’ हा शब्द मात्र आता आमदारांसाठी राखीव झाल्यासारखा आहे. सारंगखेडा किंवा माळेगावच्या जत्रेत तो अजून खऱ्या घोड्यांचा आहे. आपल्या मजकुरात ‘घोड्यांचा बाजार’ असे सोडवून लिहिलेले बरे.

नालबंद (नाल ठोकणारा) आणि जीनगर (खोगीर बनवणारा) हे दोन्ही शब्द निःशंक वापरावेत. जुगाराच्या अड्ड्याचा मालक डावामागे जो वाटा काढून घेतो त्यालाही ‘नाल’ म्हणतात. रेसविषयीच्या लेखात त्याचा घोड्याच्या नालेशी संबंध जोडण्याचा मोह होईल, तो आवरावा.

आणि ‘हात’ तेवढे त्वरित बदला. इंग्रजी घोड्याच्या मापातला हात चार इंचांचा, आपला हात कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंत, अदमासे अठरा इंचांचा. 14 हात 2 इंच उंचीचा अरब म्हणजे प्रत्यक्षात 58 इंचांचा, खांद्याशी पाच फुटांनाही कमी भरणारा घोडा. आपल्या खर्ड्यात तो एकवीस फुटांवर गेला आहे.

पुरवणी

वरील चर्चेत ‘सीझन’ राहिला. त्याला ‘हंगाम’ हा उत्तम शब्द आहे, पण दोन्ही शहरांचा हंगाम एक समजू नये. पुण्यातल्या रेस पावसाळ्यात होत आणि मुंबईच्या थंडीत, कारण इलाख्याचा गव्हर्नर पावसाळ्यात पुण्यास मुक्काम करी आणि साहेबी समाज त्याच्यामागून घाट चढे. पुण्याचे रेसकोर्स 1830 चे, लष्कराच्या जमिनीवरचे; महालक्ष्मीचे 1883 चे, त्यापूर्वी मुंबईच्या रेस भायखळ्यास होत. म्हणून 1900 नंतरच्या प्रसंगात भायखळ्याचा उल्लेख आला तर तो तबेल्यांचा आणि सौदागरांचा असणार, धावपट्टीचा नव्हे. तसेच ‘रॉयल’ हे विशेषण टर्फ क्लबास 1935 मध्ये मिळाले. आपले प्रकरण त्याआधी संपत असल्याने क्लबाचे नाव लिहिताना ते गाळावे.