मदत हवी आहे: घरी बांधलेलं टेलड्रॅगर (शेपटीखाली चाक असलेलं विमान) टेकल्यावर डावीकडे ओढतं, टप्पेही खातं

दोन आसनी विमान आहे, मुख्य चाकं ॲल्युमिनियमच्या स्प्रिंग पायांवर, मागे वळणारं शेपटीचाक. चाचणी उड्डाणांत दोन दोष दिसतात. पहिला, टेकताच विमान टप्पा घेऊन पुन्हा उचलतं. दुसरा, शेपूट बसून वेग उतरत आला की नाक डावीकडे सरकतं. पूर्ण उजवं रडर (शेपटीवरचं दिशा वळवणारं पातं) पुरत नाही, उजवा ब्रेक लावावा लागतो. वारा शांत असताना धावपट्टीच्या दोन्ही टोकांकडून उतरून पाहिलं, ओढ डावीकडेच. फ्लॅप (पंखामागच्या झडपा) खाली असताना स्टॉल, म्हणजे पंखाची उचल तुटण्याचा वेग, 40 नॉटला दिसतो, अप्रोच (उतरण्यासाठी पट्टीकडे येणं) 60 ला करतो. ग्राउंड लूप (जमिनीवर विमान गर्रकन फिरणं) व्हायच्या आत काय काय तपासावं?

प्रतिसाद १
दोन्ही टोकांकडून डावीकडेच म्हणजे कारण वारा नाही, पट्टीचा उतारही नाही. दोष विमानात आहे. तो सापडेपर्यंत उडवू नका. टेलड्रॅगरचा गुरुत्वमध्य मुख्य चाकांच्या मागे असतो, त्यामुळे नाक जरा वळलं की मागचं वजन ते वळण आणखी वाढवतं. वेग उतरला की रडरवरची हवाही कमी होते, म्हणून हे नेमकं शेवटी होतं.

आधी डावा ब्रेक. चाक जॅकवर उचला, हाताने फिरवा, पेडल दाबून सोडा, पुन्हा फिरवा. लगेच मोकळं व्हायला हवं. अडकत असेल तर मास्टर सिलिंडरची (पेडलने ब्रेकचा दाब तयार करणारा) परतीची स्प्रिंग पाहा. पेडल पूर्ण मागे येत नसेल तर दाब आत कोंडून राहतो. कॅलिपरच्या (ब्रेकची डिस्क पकडणारा चिमटा) पिना गंजल्या असतील तरी हेच होतं. दोन्ही टायरांचा दाबही सारखा हवा.

मग चाकांची दिशा. प्रत्येक चाकाखाली ग्रीस लावलेले दोन पत्रे ठेवा, म्हणजे पाय मोकळे पसरतील. नाकापासून आणि शेपटापासून ओळंबा सोडून जमिनीवर मध्यरेषा आखा. प्रत्येक चाक वेगळं या रेषेशी मोजा. दोघांची बेरीज शून्य आली तरी दोन्ही एकाच बाजूला तिरकी असू शकतात. चाकाला 600 मिमीची सरळ पट्टी टेकवली तर अर्धा अंश म्हणजे दोन टोकांत साधारण 5 मिमी फरक. शेपूट खाली आणि शेपूट समतल, दोन्ही स्थितींत मोजा, कारण स्प्रिंग पायांवर आकडा बदलतो. हवंय शून्य किंवा किंचित टो-आऊट (चाकाची पुढची कड बाहेर वळलेली). टो-इन (पुढची कड आत वळलेली) घातक: वळताना भार बाहेरच्या चाकावर जातो आणि ते चाक नेमकं वळणाच्या आतल्या बाजूला बघत असतं.

शेपटीचाकाच्या दोन्ही स्प्रिंगांच्या ताणाची तुलना करा. शेपटीचाक जिच्याभोवती वळतं ती उभी पिन बाजूने पाहा: लीफ स्प्रिंग (पट्टीची स्प्रिंग) बसल्यामुळे वरचं टोक पुढे झुकलं असेल तर चाक थरथरतं.

प्रतिसाद २
टप्प्याचं कारण मात्र वेगात दिसतंय. स्टॉलच्या 1.3 पट म्हणजे 52. साठला ऊर्जा एक तृतीयांश जास्त. त्यात चाकं आधी टेकली की शेपूट खाली पडतं, पंखाचा कोन वाढतो आणि विमान उचलतं. तेव्हा स्टिक पुढे ढकलू नका, तोल बिघडून पुढचा टप्पा मोठा होतो. टप्पा लहान असेल तर नाक धरून ठेवा, जरा थ्रॉटल द्या. मोठा असेल तर पूर्ण थ्रॉटल आणि गो-अराउंड (उतरणं सोडून पुन्हा वर जाणं).

पण 52 वर डोळे मिटून विसंबू नका. घरी बांधलेल्या विमानात स्टॅटिक पोर्टची (वेगमापकासाठी बाहेरच्या हवेचा दाब घेणारं छिद्र) जागा चुकली की वेगाचा आकडा खोटा असतो. उंचीवर सुरक्षित जागी, उतरतानाच्या वजनाला, पुन्हा स्टॉल मोजा आणि वेगमापकावर दिसलेला तोच आकडा धरून 1.3 पट काढा. गुरुत्वमध्य फार पुढे असेल तर फ्लेअरला (टेकण्याआधी नाक वर उचलताना) एलेव्हेटर (नाक वर-खाली करणारं शेपटीवरचं पातं) अपुरं पडतं. एकटे उडत असाल तर वजन-तोल पुन्हा मांडा.

धागाकर्ता
मोजलं. ब्रेक मोकळा आहे. डावं चाक शून्य, उजवं जवळपास 1 अंश टो-इन, शेपूट खाली असताना.

प्रतिसाद १
मग सापडलं: उजवं चाक सतत डावीकडे बघतंय. ॲक्सलच्या फ्लँज (बोल्टने बसणारी चकती) आणि पायाच्या मध्ये तिरपी शिम (पाचरीसारखी पातळ पट्टी) घाला, जाड बाजू पुढे. उलटी घातलीत तर टो-इन दुप्पट होईल. शिममुळे बोल्ट आखूड पडतात, नटाबाहेर आटे दिसलेच पाहिजेत. ब्रेकची डिस्क कॅलिपरमध्ये मध्यावर बसते का पाहा, नाहीतर नवी ओढ तयार होईल. पुन्हा पत्र्यांवर मोजा, मग आधी चालण्याच्या वेगाने टॅक्सी.