क्रॅपीसाठी छोटे स्पिनर: जॉर्डन लेक

अ‍ॅपेक्सहून

नमस्कार मंडळी,

आमच्या बारा वर्षांच्या मुलाला इथे नॉर्थ कॅरोलायनातल्या जॉर्डन लेकवर मासे गरवायचं वेड लागलंय. गांडूळ लावून ब्लूगिल मासे भरपूर मिळतात, क्रॅपी हा मासा मात्र अजून एकही नाही. दुकानात छोट्या स्पिनरची, म्हणजे ओढलं की पातं फिरणाऱ्या आमिषांची, अख्खी भिंत आहे, बघूनच गोंधळ होतो. नेमका कोणता घ्यावा? आणि किनाऱ्यावरून जमतं, की होडी हवीच? केरीचे काका बरीच वर्षं जातात असं कळलं, म्हणून इथे विचारते.

उत्तर: केरीहून

ताई, होडीची गरज नाही, वसंतात तर अजिबात नाही. पाणी साठ-पासष्ट फॅरनहाइटला आलं की क्रॅपी अंडी घालायला उथळात येतात. आपल्याकडे साधारण डॉगवूडची झाडं फुलतात तेव्हा. पाण्यात पडलेलं झाड, पुलाचा खांब, झुडपाची बुडलेली फांदी, अशा आडोशाला थवाच असतो.

स्पिनर बीटल स्पिनच्या पद्धतीचा घ्या. सेफ्टी पिनसारखी वाकवलेली तार, वरच्या टोकाला पातं, खालच्या टोकाला एकच गळ आणि त्यावर रबरी किडा. नाहीतर रोड रनर, त्यात पातं जिगच्या, म्हणजे डोक्याशी वजन असलेल्या गळाच्या, डोक्याखालीच लटकतं. एकच गळ असल्यामुळे फांद्यांत कमी अडकतो. वजन १/१६ औंस, वारा नसेल तर १/३२. त्याहून जड घेऊ नका, कारण जड स्पिनर बुडू नये म्हणून भराभर ओढावा लागतो आणि क्रॅपी भरधाव जाणाऱ्या भक्ष्यामागे फारसा धावत नाही. दोरी चार पौंड ताण सोसणारी, रॉड अल्ट्रालाइट, म्हणजे अगदी हलका. जॉर्डनचं पाणी बहुतेक गढूळ, म्हणून सोनेरी गोल पातं आणि पिवळा-हिरवा किडा. गोल पातं सावकाश ओढलं तरी फिरतं. लांबट पात्याला वेग लागतो.

आता सगळ्यात महत्त्वाचं, खोली. क्रॅपी वर बघून शिकार करतो, त्याच्या खालून गेलेलं आमिष बहुधा वाया जातं. स्पिनर पाण्यात पडला की मुलाला मनात आकडे मोजायला सांगा. आधी तीनपर्यंत मोजून ओढायचं, मग पाच, मग सात. ज्या आकड्यावर मासा लागला तो सोडायचा नाही, कारण बाकीचे त्याच थरात असतात. ओढायचं इतकं हळू की पातं जेमतेम फिरत राहील. रॉडच्या टोकाला बारीक थरथर लागते, ती थांबली तर रीळ फिरवायचा वेग किंचित वाढवायचा. हे हाताला कळावं म्हणून आधी पायापाशी, दिसणाऱ्या पाण्यात, दोन-चार वेळा ओढून बघू दे.

आणि मासा लागल्यावर हिसका नको. क्रॅपीच्या ओठामागचा पडदा उजेडात धरला तर आरपार दिसतो, इतका पातळ. जोरात ओढलं की गळ तो फाडून सुटतो. रॉड नुसता उचलायचा, दोरी ताणलेली ठेवायची आणि शेवटी जाळीने घ्यायचा.

उत्तर: डरहॅमहून

काकांचं क्रॅपीपुरतं अगदी मान्य. पण सरळ दांड्याभोवती पातं फिरणारा स्पिनर, म्हणजे मेप्ससारखा, बाजूला टाकू नका. मेप्स १९३८ मध्ये फ्रान्समध्ये निघाला आणि आजही नदीत त्याला तोड नाही. ईनो नदीत उन्हाळ्यात गुडघाभर पाण्यात उभं राहून शून्य नंबरचा मेप्स प्रवाहाला तिरपा टाका, रेडब्रेस्ट खडकामागून झेपावतो. लाल-नारिंगी पोटाचा मासा, हातभर दोरीवर केवढा जोर करतो!

दोन गोष्टी सांभाळा. या स्पिनरने दोरीला पीळ पडतो, म्हणून फूटभर वर छोटं स्विव्हल, म्हणजे गोल फिरणारी कडी, बांधा. आणि तिहेरी गळाचे उलटे काटे पकडीने दाबून सपाट करा. मासा सोडायला सोपं जातं आणि मुलाच्या बोटात गेला तरी निघतो. ब्लूगिलचं तोंड एवढंसं, तो रबरी किड्याची शेपटीच कुरतडतो. शेपटी अर्धी कापा, किंवा गळाला गांडुळाचा बोटाच्या पेराएवढा तुकडा लावा.

अ‍ॅपेक्सहून

दोघांचे मनापासून आभार. लायसन्स लागतं का? आणि क्रॅपी आपल्या पद्धतीने केला तर चवीला चांगला लागतो का?

उत्तर: केरीहून

मुलाला नाही, नॉर्थ कॅरोलायनात सोळा वर्षांखाली लायसन्स लागत नाही. तुम्ही स्वतः रॉड धरणार असाल तर काढा. जॉर्डनवर क्रॅपी दहा इंचांहून लहान असेल तर सोडायचा, आणि माणशी दिवसाला वीसची मर्यादा. निघण्याआधी राज्याच्या वाइल्डलाइफ कमिशनच्या साइटवर चालू नियम बघाच. मोजपट्टी डब्यातच ठेवा आणि सोडायचा मासा ओल्या हातानेच धरा.

खायला उत्तम. मांस पांढरं, वास जवळजवळ नाही. पण तुकड्या पातळ आणि मऊ, सुरमईसारखं तासभर मुरवू नका, तव्यावर मोडतील. हळद, मीठ, तिखट, थोडं आगळ, दहा मिनिटं पुरे. मग रव्यात घोळवून कडक तव्यावर, आणि एकदाच उलटायचं.

शनिवारी सकाळी मी जॉर्डन लेकच्या काठी एबनेझरला आहे. मुलाला घेऊन या. १/१६ चे तीन-चार रंग माझ्या डबीत आहेत, त्याला कोणता चालतो ते बघू, मग दुकानात जा.