गोव्यात डिस्टोपिया शोभत नाही म्हणे!

सांगेकर
काल इथे डिस्टोपियन कादंबरीवर, म्हणजे जुलमी, भकास समाजाच्या कथेवर, बोलताना पणजीकरांनी लिहिलं, "गोव्यात डिस्टोपिया शोभत नाही. आधी प्लॉट पक्का करा, मग एखादं भकास महानगर त्याला जोडा." वाचून डोकं उठलं.

जागा अशी मागाहून चिकटवता येत नाही हो. साळावली धरणात आमचं कुर्डी गाव गेलं. दर मे महिन्यात पाणी उतरलं की घरांची जोती उघडी पडतात आणि वाडे-वालकिणीला हलवलेली माणसं सोमेश्वराच्या उत्सवाला तिथे जमतात. महादेवाचं देऊळ तेवढं दगड न् दगड सुटा करून धरणाजवळ पुन्हा उभारलं. आता यात एकच नियम घाला: गावात पाय ठेवायला परवाना, आणि परवान्यासाठी 'माझं इथे काहीच नव्हतं' या कागदावर सही. बहीण सही करते, भाऊ नाही करत. प्लॉट इथूनच निघतो.

पणजीकर
हे स्मरणरंजन झालं. यात सत्ता कुठे दिसते? माझी कादंबरी वर्णनातच रुतली होती, घटनाक्रम ठरवला तेव्हा कुठे हलली.

डिचोलीकार
सत्ता बघायची तर आमच्याकडे या. खाणीचे ट्रक सुरू होते तेव्हा दोरीवरचे शाळेचे पांढरे शर्ट सांजेपर्यंत तांबडे व्हायचे.

सावर्डेचो
आली धूळ! 2012 मध्ये खाणी बंद झाल्या, 2018 मध्ये परत बंद. बाबांनी कर्ज काढून घेतलेला ट्रक अंगणात कुजला, हप्ते कोणी थांबवले नाहीत. त्यावर लिहा की कादंबरी.

डिचोलीकार
तुमचा ट्रक उभा राहिला, आमची विहीर आटली. खड्डा भूजलाच्या खाली गेला, पंप लावून पाणी उपसलं, विहीर कोरडी. मग टँकर कोणाचा? त्याच खाणवाल्याचा! तो बंद होईल म्हणून आई आम्हाला तक्रार करू देत नव्हती.

सावर्डेचो
आणि तो टँकर चालवायचा कोण? माझ्या काकासारखी माणसंच ना? त्यांनी काय करायचं होतं, उपाशी राहायचं?

सांगेकर
भांडण खाणीवर नेऊ नका रे. पणजीकर, पाणी तोडणाराच पाणी पाठवतो. सत्ता दिसली की नाही?

पणजीकर
दिसली. टँकरपुरतं मान्य. पण आई गप्प बसवते ही झाली परिस्थिती. मुलगी तक्रार नोंदवते आणि दुसऱ्या दिवशी अख्ख्या वाड्याचा टँकर येत नाही, शेजारी तिच्या दारात येऊन उभे राहतात, तेव्हा प्लॉट सुरू होतो. ते आधीच ठरवावं लागतं, यावर मी ठाम आहे.

डिचोलीकार
शेजारी दारात येत नाहीत. बोलणं टाकतात. आमच्याशी टाकलं होतं.

सावर्डेचो
लिहा मग. पण ड्रायव्हरला खलनायक केलात तर मी इथेच भांडायला येईन.