मदत हवी आहे : लूपरवर डबल बासचे थर रचताना येणारा फीडबॅक

मी जळगावात डबल बास आणि बास गिटार या दोनच वाद्यांवर, लूपरच्या (वाजवलेला तुकडा नोंदवून पुन्हापुन्हा वाजवणाऱ्या उपकरणाच्या) साहाय्याने थर रचत, एकल प्रयोगशील संगीत करतो. डबल बासच्या घोडीवरील पिएझो पिकअपचा (कंपनांचे विद्युत संकेतात रूपांतर करणाऱ्या संवेदकाचा) संकेत प्रीअँपमधून लूपरकडे व तेथून अँपकडे (ध्वनिवर्धकाकडे) जातो. बोटांनी छेडताना अडचण येत नाही. मात्र गजाने वाजवलेल्या सुरावर दुसरा थर चढवू लागताच ए तारेच्या आसपास, म्हणजे ५५ हर्ट्झजवळ, अँपचा आवाज पिकअपमध्ये परत शिरून वाद्य स्वतःच घुमू लागते आणि तो फीडबॅकही लूपमध्ये कायमचा नोंदला जातो.

अँप दूर नेणे, फेज (ध्वनिलहरीची दिशा) उलटवणे आणि ४० हर्ट्झखालचा भाग हाय-पास फिल्टरने कापणे, हे करून झाले. फिल्टर आणखी वर नेला, तर ४१ हर्ट्झची ई तार पोकळ वाटते (मग एवढे अवजड वाद्य बाळगायचे तरी कशाला). कार्यक्रम लहान सभागृहात असल्याने केवळ हेडफोनवर वाजवणे शक्य नाही. आमच्याकडच्या कोरड्या उन्हाळ्यात लाकूड आकसते, शिवाय या वाद्याचा जाणकार कारागीर जवळपास सापडलेला नाही. त्यामुळे साउंडपोस्टला (वाद्याच्या पोटात पुढच्या व मागच्या फळीमध्ये बसवलेल्या लाकडी खुंटीला) हात लावणारे उपाय कृपया सुचवू नयेत.

५५ हर्ट्झवर अरुंद नॉच फिल्टर (फक्त तेवढाच अरुंद पट्टा कापणारा) लावायचा झाल्यास तो लूपरच्या आधी लावावा की नंतर, आणि गजाच्या सुराचा भरीवपणा राखून तो किती डेसिबलपर्यंत कापता येईल?