ताडोबाला न जाता वर्षभर फोटो काढायचे तर फिरावं कुठं?

साकोलीचा_गुरुजी
नमस्कार मंडळी. नोकरीनिमित्त साकोलीकडं राहतो. दिवाळीत मित्राचा वापरलेला कॅमेरा घेतला, सोबत 18-55 आणि 55-250 मिमी अशा दोन लेन्स. ज्याला विचारावं तो म्हणतो, ताडोबाची जिप्सी बुक करा. तेवढा खर्च दरवेळी झेपत नाही, आणि वाघ दिसेलच असं कुठं लिहून ठेवलंय? रविवारी मोटरसायकलनं जाऊन सांजेपर्यंत घरी येता येईल असं आपल्या भागात काय आहे? पावसाळ्यात कॅमेरा बाहेर काढावा का? आणि शेतात काम करणाऱ्यांचे फोटो काढले तर लोक रागावतात का?

डाकवाला_लाखांदूर
हाव जी गुरुजी, बरं विचारलं. मी टपाल वाटतो, म्हणून त्याच गावांचे तेच रस्ते बारा महिने पाहतो. कॅमेरा थैलीतच असतो. माझं म्हणणं एवढंच, की जागा बदलत बसू नका. एक रस्ता धरा, अन् त्याच्यावर कोणत्या महिन्यात कोणतं काम किती वाजता चालते ते ओळखून घ्या.

रोवणीपासून सुरू करा. जुलै-ऑगस्टात बांध्या (धानाची शेतं) पाण्यानं भरल्या की बाया वाकून मागं-मागं सरत पऱ्हे (धानाची रोपं) लावतात. नवीन माणूस रिकाम्या बांधीकडून येते अन् त्याला नुसत्या पाठी भेटतात. लावून झालेल्या बाजूच्या धुऱ्यावर (बांधावर) उभं राहा, चेहरे तिकडं असतात. पाण्यात आभाळाची चमक असते, त्यानं कॅमेरा फसते अन् माणसं काळीठिक्कर करते. एक्सपोजर (फोटोतला उजेड) प्लस एकवर ठेवा.

रागावण्याचं म्हणाल, तर आधी राम राम करा, धान कोणता लावता ते विचारा, मंग कॅमेरा काढा. फोटो तिथल्या तिथं दाखवा. प्रिंट देतो म्हटलं तर द्याच. मी तालुक्याहून काढून आणतो अन् पुढच्या टपालासंगं पोचवतो. एका घरी रोवणीतला फोटो कापून, मोठा करून भिंतीवर हार घातलेला आहे. त्या आजीचा दुसरा फोटोच नव्हता घरात.

पावसाचं भ्यावाचं काम नाही, भ्या बुरशीचं आहे. पावसाळ्यात कॅमेरा कापडी बॅगेत कोंडून ठेवला की लेन्समध्ये जाळं धरते. घट्ट झाकणाचा डबा घ्या, आत सिलिका जेलच्या निळ्या गोळ्या. गुलाबी झाल्या की ओल पिऊन भरल्या समजा, त्या कढईत मंद आचेवर तापवल्या की पुन्हा निळ्या होतात. (वहिनीची कढई घेऊ नका, वेगळी ठेवा.)

पोळ्याच्या दिवशी तोरणाखाली सगळेच मोबाईल घेऊन उभे असतात. झडत्या (पोळ्याची गाणी) ऐकायला जा, पण फोटोसाठी आदल्या सांजेची खांदशेकणी (बैलाचे खांदे शेकणं) गाठा. गोठ्यात एक बल्ब, धन्याचा हात, हातात पळसाच्या पानावर तूप-हळद, अन् जुवानं घट्टे पडलेला खांदा. बैल डोळे अर्धे मिटून घेते. "आज आवतन घ्या, उद्या जेवायला या" असं धनी बैलाला म्हणेपर्यंत तुमची क्लिक झाली पाहिजे. आयएसओ (कमी उजेडात टिपायची सेटिंग) 3200 करा, दाणे दिसले तर दिसू द्या. फ्लॅश मात्र नको, बैल बिचकते.

थंडीत आपल्या मालगुजारी तलावांवर (जुन्या मालगुजारांच्या काळचे गावतलाव) चला. नवेगावबांध तर तुम्हाला जवळच. तलवार बदक, चक्रवाक, नशीब असलं तर डोक्यावर दोन काळे पट्टे असलेले पट्टकदंब. 250 च्या लेन्समध्ये पक्षी बारीक दिसतील. दिसू द्या. धुकं, पाळ (तलावाचा बांध) अन् जाळं फेकणारा ढिवर (मासे धरणारा) त्यात येऊ द्या.

फेब्रुवारी सरता-सरता पळस. इथं रोवणीच्या उलट करा. तो केशरी रंग कॅमेऱ्यात जळते, पाकळीवरची मखमल जाते अन् नुसता गोळा उरते. एक्सपोजर मायनस पाऊण ठेवा. फुलांच्या मागं धावू नका, एका फांदीवर नेम धरून बसा. मैना, पोपट, शिंजीर मध प्यायला तिथंच येतात. मोहासाठी मात्र पहाटेच पोचा. दिवस वर आला की टोपल्या भरून लोक घरी गेलेले असतात.

मे महिन्यात नऊनंतर कॅमेरा बॅगेत. 45 अंशात जमिनीवरची हवा हालते, कितीही महाग लेन्स असो, फोटो थरथरलेलाच येते. गाडीच्या टाकीवरच्या बॅगेत तर बिलकुल ठेवू नका. सांजेला तेंदूच्या फळीवर (तेंदूपानं जमा करायची जागा) जा, पुडके (पानांच्या जुड्या) मोजताना हात पाहा.

वणीची_ताई
भाऊंनी सगळं धानाचंच सांगितलं, आमच्या कापसाला विसरले! गुरुजी, दिवाळीच्या आसपास इकडं पाहुणे म्हणून या. वेचणीच्या पहिल्या दिवशी बांधावर सीतादही करतात, दही-भाताचा नैवेद्य असतो. सकाळी बोंडावर दव असतं, ओला कापूस वेचत नाहीत, म्हणून बाया जरा थांबतात, गप्पा चालतात. तोच वेळ. सूर्य बोंडाच्या मागं घ्या, सरकीची सावली आतून दिसते. आणि एक, बाईच्या ओटीत कापूस भरलेला असताना वाकलेली असेल तर खालून फोटो घेऊ नका. कोणी तोंडावर म्हणत नाही, पण आवडत नाही.

बुलढाणेकर
मोबाईलवाल्यांसाठी: मृगाचा पहिला पाऊस पडला की लाल मखमली किडे निघतात. पोटावर पडा, फोन उलटा धरा म्हणजे लेन्स जमिनीला टेकते. मातीचं ढेकूळ डोंगरायेवढं दिसते. खर्च शून्य, शर्ट धुवायचा.

साकोलीचा_गुरुजी
सगळ्यांचे आभार. ताई, सूचना ध्यानात ठेवतो. डाकवाले भाऊ, एक राहिलं. गोंदियाकडं सारस धानाच्या बांधीतच घरटं करतो म्हणतात. तुमच्या रस्त्यावर कुठं जोडी आहे का? लोकेशन टाकता का?

डाकवाला_लाखांदूर
नाही टाकत जी. इथं टाकलं की आठवड्यात गाड्या उभ्या राहतात, जोडी अंडी टाकून उडते, अन् ज्याची बांधी आहे तो शेतकरी वेगळाच वैतागते. रोवणीला या, पहिले बायांचे फोटो काढू. मंग पाहू.