मदत हवी आहे: काजूच्या बागेभोवती आता मार्चमध्ये जाळरेषा (आग अडवायला गवत काढून केलेला मोकळा पट्टा) काढू की नको?

नमस्कार मंडळी,

राजापूर तालुक्यात सड्याला (कातळाच्या उघड्या पठाराला) लागून आमची अडीच एकर जागा आहे. तीन वर्षांपूर्वी 200 काजू कलमं लावली, वेंगुर्ला-4 आणि वेंगुर्ला-7 मिळून. मी डोंबिवलीत, आईबाबा गावी, दोघांचीही सत्तरी उलटलेली. गेल्या वर्षी शिमगा उरकून आम्ही परतलो आणि चौथ्या दिवशी वणवा आला. 31 कलमं होरपळली. त्यातली 12 पावसात बुंध्याशी पुन्हा फुटली, बाकीची गेली. कुणी लावला ते कळलं नाही, आणि गावात असं कधी कळतही नाही.

पश्चिमेला चिऱ्यांचा गडगा आहे, छातीइतका उंच. पलीकडे भावकीतल्याच सात जणांची सामाईक जमीन. सगळे मुंबईला, पाच-सहा वर्षांत कुणी फिरकलेलं नाही. गवत कमरेएवढं, मधे मधे रानमोडीचं तण. उतारही तिकडेच, म्हणजे ती जमीन आमच्या खाली येते. अकरानंतर समुद्रावरचा वारा सुटला की सरळ आमच्या अंगावर. डिसेंबरात जाळरेषा काढायची होती, पण मजूर मिळाले नाहीत (खरं सांगायचं तर मीच टाळलं).

दुसरी भानगड आच्छादनाची. एका शिबिरात ऐकून बाबांनी प्रत्येक आळ्यात वीतभर सुकं गवत आणि पातेरा (वाळलेला पाला) पसरला. ओल टिकते हे मी डोळ्यांनी पाहिलंय. पण आता बागेकडे बघितलं की एकशेऐंशी चुली मांडून ठेवल्यासारख्या वाटतात. काढून टाकू तर एप्रिलच्या उन्हात कलमं माना टाकतील.

तर जाळरेषा आता काढता येईल का, आच्छादनाचं काय करू, आणि डोंबिवलीत बसून आग लागल्याचं वेळेत कसं कळेल? उपग्रहाला आग दिसली की येतो तो एसएमएस वगैरे कुणी वापरलाय का?

माजी_वनरक्षक

आता जाळून रेषा काढू नका. हे आधी सांगतो, कारण दरवर्षी निम्मे वणवे "मी फक्त बांध साफ करत होतो" असं म्हणणाऱ्यांनी लावलेले बघितलेत. (निम्मे हा माझा अंदाज, सरकारी आकडा नव्हे.) जाळून पट्टा काढायचा तो डिसेंबर-जानेवारीत, पहाटे दव असताना, चार माणसं आणि पाणी हाताशी ठेवून. मार्चमध्ये फक्त कापायचं आणि लोटायचं. गवत नुसतं कापून जागीच टाकलंत तर उलट जास्त पेटतं. माती किंवा कातळ दिसेपर्यंत झाडा, कापलेलं गवत गुरांना द्या.

तुमच्या बाबतीत वारा आणि चढ दोन्ही एकाच दिशेने आहेत. आग चढावर फार जोरात पळते, कारण ज्वाळा वरच्या गवताला आधीच तापवून ठेवतात. त्यामुळे पश्चिमेचा पट्टा सगळ्यात रुंद हवा. मी असतो तर गडग्याच्या पलीकडे पंधरा फूट आणि अलीकडे दहा फूट घेतला असता. बाकी तीन बाजूंना दहा फूट पुरेत. पलीकडच्या सात जणांना आधी व्हॉट्सॲपवर विचारून त्यांचा होकार जपून ठेवा. माझा अनुभव असा की गवत कापायला कुणी नाही म्हणत नाही, खर्च वाटून घ्या म्हटलं की मात्र सगळे गप्प होतात.

आग दिसली तर वनविभागाचा 1926 आणि अग्निशमनाचा 101, दोन्ही लावा. पण गाडी सड्यापर्यंत येईस्तोवर गवताची आग तुमची बाग ओलांडून गेलेली असते.

देवगडचो_बागायतदार

गडग्याच्या भरवशार रवू नको. गडग्याच्या बुडाशी वाऱ्याने पातेरा साठतो आणि आग तिथूनच उडी मारते. चिऱ्यांच्या फटींतलाही काढा, नाहीतर आत धुमसत राहतो आणि रात्री कुणी नसताना बाहेर येतो.

आच्छादन सगळं काढायची गरज नाही. बुंध्यापासून दीड फूट मागे ओढा आणि वर चार बोटं माती टाका. ओलही राहते, पेटतही नाही. पश्चिमेच्या पहिल्या तीन ओळींतलं मात्र पूर्ण उचला आणि त्यांना आठवड्याला एक हंडा पाणी जास्त घाला.

जर्सीकर

थोडं अवांतर. इथे न्यू जर्सीतही हाच मोसम, मार्चच्या मध्यापासून मेच्या मध्यापर्यंत. थंडी संपलेली, झाडांना पालवी फुटायची असते, ऊन थेट जमिनीवरच्या पाचोळ्यावर पडतं आणि वर वारा. 2025 च्या एप्रिलमध्ये ओशन काउंटीतल्या एका आगीत 15,000 एकरांहून जास्त जंगल जळलं. फरक एवढाच की इथे हवा कोरडी आणि वारा जोरात असला की "रेड फ्लॅग वॉर्निंग" येते आणि त्या दिवशी अंगणात शेकोटीसुद्धा पेटवत नाहीत. आपल्याकडे वाडीच्या ग्रुपवर कुणी एकाने रोज सकाळी "आज वारा आहे, भाजावळ (भाताच्या रोपांसाठी पालापाचोळा जाळून जमीन भाजणं) नको" एवढं टाकलं तरी बरंच होईल.

माजी_वनरक्षक

भाजावळीचं बरोबर आहे, फक्त सकाळच्या शांत हवेवर जाऊ नका. पहाटेचे मतलई (जमिनीवरून समुद्राकडे जाणारे) वारे पडले की तासभर पान हलत नाही, माणूस निर्धास्त राब (भाजावळीसाठी रचलेला पाला) पेटवतो आणि दहा-अकराला खारे (समुद्रावरचे) वारे सुटतात.

एसएमएसचं राहिलं. भारतीय वन सर्वेक्षणाच्या पोर्टलवर मोबाईल नोंदवता येतो, नोंदवाच. पण तो ज्या उपग्रहांवर चालतो त्यातले मुख्य दुपारी आणि रात्री दीडच्या आसपास वरून जातात, आणि एक ठिपका म्हणजे 375 मीटरचा चौकोन. चारला लागून पाचला विझलेली गवताची आग त्याला दिसेलच असं नाही. त्यापेक्षा गुरं राखणाऱ्या दोन पोरांचे नंबर घ्या.

आईबाबांना सांगा, विझवायला एकट्याने जायचं नाही, आणि आगीच्या वरच्या अंगाला तर मुळीच उभं राहायचं नाही. अंगात सुती कपडे. काही बिनसलं तर जळून काळ्या झालेल्या भागात शिरायचं, तिथे पुन्हा पेटायला काही उरलेलं नसतं.

धागाकर्ता

खूप आभार. सातपैकी पाच जणांचा होकार आला, एकाने अंगठा दाखवला, एक काका "बघू" म्हणाले. फळपीक विम्याचंही विचारून घेतलं, तो हवामानाच्या निकषांवर चालतो, वणव्याला नाही. शुक्रवारी रात्रीच्या गाडीने निघतोय. मजूर दोनच मिळाले म्हणून ग्रासकटर भाड्याने घेतोय. लोखंडी पातं लावू की नायलॉनची दोरी? गवत जाड आहे.

देवगडचो_बागायतदार

गडग्याजवळ आणि कातळावर दोरीच. लोखंडी पातं चिऱ्यावर घासलं की ठिणगी उडते. आमच्याकडे एकाने अशीच स्वतःची आंब्याची कलमं जाळली. बाकी ठिकाणी पातं चालेल, पण नऊच्या आत उरका, आणि पेट्रोल भरायचं ते झाडलेल्या जागेवर, मशीन थंड झाल्यावर. फवारणीचा पंप पाण्याने भरून पाठीवर घेतलेला एक माणूस मागे राहू दे.